कॉम्प्युटर फॉरेन्सिक्ससाठी पदवी कोणती घ्यायची? बडोद्यातल्या एका प्रवेशाची ऑक्टोबर ते ऑगस्ट नोंद

ऑक्टोबर २०२४ मध्ये भाचीने विचारलं, "मामा, कॉम्प्युटर फॉरेन्सिक्समध्ये जायचं तर बारावीनंतर नेमकं काय घ्यायचं?" ती बारावी सायन्सला, ए ग्रुप, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. मी डिजिटल पुरावे तपासायच्या कामात आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. प्रवेश पक्का व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला. मधल्या दहा महिन्यांत काय केलं, काय वाचलं, कुठे अडलो आणि किती खर्च आला, ते क्रमाने लिहितो. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत ओळखीच्या मराठी घरांतून हाच प्रश्न आता दर वर्षी येतो.

आधी कामाबद्दल बोललो, कारण तीन वेगळी कामं एकाच नावाने ओळखली जातात. सायबर सिक्युरिटीवाला हल्ला होऊ नये म्हणून झटतो. पेन टेस्टर परवानगी घेऊन हल्ला करून बघतो. फॉरेन्सिक्सचं काम घटना घडून गेल्यावर सुरू होतं: जप्त केलेला मोबाइल, हार्ड डिस्क, सीसीटीव्हीचा डीव्हीआर हातात येतो, त्यातलं काहीही न बदलता तपासायचं, अहवाल लिहायचा आणि दोन-तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्या अहवालातल्या प्रत्येक वाक्याला जबाबदार राहायचं. बराचसा वेळ वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. हे मुलांना आधी सांगायलाच हवं.

सांगून पुरत नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत करून बघितलं. कॉलेजांची माहितीपत्रकं उघडण्याआधी प्रत्येकाने हा प्रयोग करावा असं मला मनापासून वाटतं. ८ जीबीचा साधा पेन ड्राइव्ह घेतला, साडेतीनशे रुपयांना. मोठा घेऊ नका, इमेज, म्हणजे ड्राइव्हची बाइटनिशी हुबेहूब प्रत, घ्यायला उगाच वेळ लागतो. तो एफएटी३२ मध्ये (ड्राइव्हवर फाइलींची नोंद ठेवायची एक पद्धत) फॉरमॅट केला, वीस फोटो आणि दोन पीडीएफ टाकल्या, त्यातले आठ फोटो डिलीट केले. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही, त्यामुळे ती 'गेली' असंच दिसतं. मग एफटीके इमेजर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून पूर्ण ड्राइव्हची इमेज घेतली. इथे 'फिजिकल ड्राइव्ह' निवडायचा. 'लॉजिकल' निवडला तर फक्त तो विभाग येतो, त्याच्या बाहेरची जागा राहून जाते. सात-आठ मिनिटांत इमेज झाली, नंतर पडताळणी, आणि शेवटी एमडी५ आणि एसएचए१ असे दोन हॅश मिळाले. हॅश म्हणजे सगळ्या डेटावरून काढलेला आकडा, डेटात जरा जरी बदल झाला तरी तो बदलतो. ते तिने वहीत हाताने उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी तोच पेन ड्राइव्ह कुठलंही राइट-प्रोटेक्शन (ड्राइव्हवर काही लिहिलं जाऊ नये अशी सोय) न लावता तिच्या लॅपटॉपला जोडला, एक फोटो उघडून बंद केला आणि परत इमेज घेतली. हॅश जुळला नाही. एकही फाइल बदलली नव्हती, तरी पहिल्या अक्षरापासून सगळा आकडा वेगळा. अशा वेळी कारणं बहुधा दोन असतात: ड्राइव्ह जोडल्यावर विंडोज 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या फोल्डरमध्ये लिहितं, आणि फाइल उघडली की एफएटीच्या नोंदीतली शेवटच्या वापराची तारीख बदलते. एफएटीमध्ये ही नुसती तारीख असते, वेळ नसते, म्हणून फरक दुसऱ्या दिवशी दिसतो. राइट ब्लॉकर नावाचं उपकरण कशासाठी लागतं, हे त्या अर्ध्या तासात तिला कळलं.

मग ऑटोप्सी या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये इमेज उघडली. डिलीट केलेल्या फाइलच्या नोंदीत नावाचं पहिलं बाइट ई५ झालेलं दिसतं. क्लस्टरची साखळी, म्हणजे फाइलचे तुकडे कुठे आहेत त्याची नोंद, पुसली जाते, पण फोटोचा डेटा जागेवरच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. जेपीईजी फोटो एफएफ डी८ एफएफ या बाइटने सुरू होतो, ते शोधून फोटो परत काढता येतो. आठही सापडले. लॅपटॉपच्या एसएसडीवर हे इतकं सोपं नसतं, कारण ट्रिम आदेशानंतर एसएसडी ती जागा स्वतःच साफ करून टाकते. हेही तिला दाखवलं.

शेवटी एक पानी अहवाल लिहायला लावला. तिने लिहिलं, "मालकाने आठ फोटो डिलीट केले." ते वाक्य मी खोडलं. इमेज एवढंच सांगते की आठ फाइलींच्या नोंदी डिलीट झाल्याची खूण दाखवतात. कोणी केल्या, हे पेन ड्राइव्ह सांगत नाही. तिने तो अहवाल चार वेळा लिहिला आणि तरी तिला पुढे जायचं होतं. ज्या मुलाला फोटो परत काढण्यात मजा येते पण अहवालाचा कंटाळा येतो, त्याने सायबर सिक्युरिटीकडे वळावं. ते क्षेत्रही मोठं आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

नोव्हेंबरमध्ये कॉलेजं बाजूला ठेवून नोकरीच्या जाहिराती वाचल्या. हे उलटं वाटतं, पण मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. केंद्र सरकारच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांतल्या पदांसाठी यूपीएससी, राज्याच्या प्रयोगशाळांसाठी राज्याची भरती मंडळं, शिवाय बँका आणि मोठ्या लेखापरीक्षण कंपन्यांच्या फॉरेन्सिक विभागांच्या जाहिराती असतात. अशा अकरा जाहिराती छापून घेतल्या आणि प्रत्येकीतली 'आवश्यक पात्रता' ही एकच ओळ हायलायटरने रंगवली. वहीत चार रकाने: पद, कुठली पदवी चालते, अनुभव किती, वयोमर्यादा.

रकाने भरल्यावर चित्र स्पष्ट दिसलं. कॉम्प्युटर फॉरेन्सिक्सच्या पदाला कॉम्प्युटर सायन्स, आयटी किंवा त्याला जवळच्या शाखेची पदवी, आणि बऱ्याच ठिकाणी पदव्युत्तर पदवी किंवा अनुभव मागितला होता. जिथे 'फॉरेन्सिक सायन्स' चालत होतं, तिथेही डिजिटल विषयाची अट होती. 'सायबर'ने सुरू होणारी नव्या नावाची तीन वर्षांची पदवी त्या अकरापैकी एकाही यादीत थेट आली नाही. तिथे 'समकक्ष' हा शब्द लागतो, आणि समकक्षता सिद्ध करायची जबाबदारी उमेदवारावर पडते. अर्ज छाननीत बाद होतो तो इथेच. म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारा: पदवीच्या प्रमाणपत्रावर नेमकं कोणतं नाव छापून येणार? माहितीपत्रकावरचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव वेगळं असू शकतं.

डिसेंबरमध्ये पर्याय मांडले. पहिला, इंजिनीअरिंग: चार वर्षं कॉम्प्युटर, मग दोन वर्षं फॉरेन्सिक्समध्ये पदव्युत्तर, एकूण सहा. दुसरा, गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे एनएफएसयूचा, बी.टेक.-एम.टेक. हा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, कॉम्प्युटर सायन्स आणि त्यात सायबर सिक्युरिटी. हे विद्यापीठ आधी गुजरात फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी होतं, २०२० च्या कायद्याने ते राष्ट्रीय झालं. तिसरा, बीसीए किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर, आणि मग एनएफएसयूचंच एम.एस्सी. डिजिटल फॉरेन्सिक्स अँड इन्फर्मेशन सिक्युरिटी. तीन अधिक दोन, पाच वर्षं. चौथा, बी.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स.

चौथा आम्ही लवकर सोडला. त्यात बोटांचे ठसे, हस्ताक्षर, शस्त्रं, विषशास्त्र, रक्त आणि जैविक नमुने असं सगळं थोडं थोडं येतं. अभ्यासक्रम चांगलाच आहे, पण संगणकाचा वाटा त्यात लहान असतो. ज्यांना गुन्हेस्थळावर किंवा रसायन विभागात काम करायचंय त्यांनी तो जरूर घ्यावा. बी ग्रुपच्या (मॅथ्सऐवजी बायोलॉजी घेतलेल्या) मुलांना कॉम्प्युटर इंजिनीअरिंग सहसा मिळत नाही, त्यांच्यासाठी बीसीएची वाट खुली आहे आणि ती मुळीच दुय्यम नाही.

उरलेल्या तिघांचे अभ्यासक्रम विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरून उतरवून घेतले आणि सहा विषयांचे क्रेडिट मोजले: ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, नेटवर्क, डेटाबेस, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन आणि सी भाषा. हेच का? व्हॉट्सअॅपचे मेसेज फोनमध्ये एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असतात. काढून टाकलेली ओळ रिकाम्या पानांत किंवा डब्ल्यूएएल फाइलमध्ये (डेटाबेसमधले बदल आधी टिपून ठेवणारी फाइल) शिल्लक असू शकते. डेटाबेस आतून कसा लिहिला जातो हे माहीत नसेल तर सॉफ्टवेअर दाखवेल तेवढंच दिसतं. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट केलेली असते. फोन एकदा बंद करून चालू केला आणि अनलॉक केला नाही, तर बराचसा डेटा कुलुपातच राहतो. जप्तीच्या वेळी फोन बंद करायचा की चालू ठेवून सिग्नल अडवणाऱ्या फॅरडे पिशवीत घालायचा, हा निर्णय ज्याला हे कळतं तोच नीट घेऊ शकतो. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा सतरा मिनिटं पुढे असतं आणि कोणी ते नोंदवलेलं नसतं, मग आरोपी 'त्या वेळी' दुसरीकडे होता हेही सिद्ध होऊन जातं. साधनं बदलत राहतात. आज ज्याचं लायसन्स आहे ते पाच वर्षांनी असेलच असं नाही. खालचं शास्त्र पक्कं असेल तर नवं साधन महिन्याभरात हातात बसतं.

कायद्याचा एक पेपर तरी असावा. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, अ भाग नोंद सादर करणाऱ्याचा, ब भाग तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश लिहावा लागतो. आधीच्या साक्ष कायद्यातल्या याच प्रमाणपत्राच्या कलम ६५ ब बद्दलचा महत्त्वाचा निकाल जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आला: अर्जुन पंडितराव खोतकर खटला, सर्वोच्च न्यायालय, जुलै २०२०. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं, आणि वाद प्रमाणपत्रावर आला. भाचीला तो निकाल वाचायला दिला. अर्धाच कळला, पण दिवाळीत वहीत हॅश का लिहून घेतला होता, ते पक्कं झालं.

कॉलेजांच्या भेटी डिसेंबर-जानेवारीत मी एकट्यानेच केल्या, तिचा अभ्यास मोडायचा नव्हता. बडोदा डेपोतून एस.टी.ने गांधीनगरला जायला तीन तास धरा, एनएफएसयू सेक्टर ९ मध्ये आहे. कामाच्या दिवशी, आधी फोन करून जा. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या, म्हणजे एमएसयूच्या, टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात, दोन संध्याकाळी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी बोललो, बाहेर सेव-उसळ खाता खाता. मुलं प्राध्यापकांपेक्षा मोकळेपणाने सांगतात.

सगळीकडे प्रश्न तेच विचारले. लॅबमध्ये राइट ब्लॉकर किती, आणि मुलं ते स्वतः हाताळतात का? व्यावसायिक सॉफ्टवेअरची लायसन्सं किती आणि कधीपर्यंतची? एक विद्यार्थी वर्षाला किती इमेज तपासतो आणि किती अहवाल लिहितो? शिकवणाऱ्यांपैकी कोणी कोर्टात साक्ष दिली आहे का? एका खासगी कॉलेजात माहितीपत्रकावर 'अत्याधुनिक सायबर फॉरेन्सिक लॅब' छापलं होतं. आत राइट ब्लॉकर काचेच्या कपाटात, मूळ प्लॅस्टिकच्या वेष्टनात होता, आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स दीड वर्षापूर्वी संपलं होतं. सोबतच्या समुपदेशकाने मात्र त्याच दिवशी २५,००० रुपये भरून जागा 'ब्लॉक' करायचा आग्रह धरला. तिथे काहीच भरलं नाही. अशा ठिकाणी घाई करायला सांगितलं की घरी यावं, फी परत मिळवताना फार दमछाक होते.

जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, २३ मार्चला गुजसेट, म्हणजे गुजरातची प्रवेश परीक्षा. त्या काळात फॉरेन्सिक्सबद्दल घरात कोणी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बोर्ड आणि गुजसेटचा निकाल ५ मे रोजी लागला. जेईईचे गुण मध्यम, गुजसेटचे चांगले.

कागदपत्रांची धावपळ मेमध्ये झाली, ती खरं तर मार्चअखेर व्हायला हवी होती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जनसेवा केंद्रात पहिल्या दिवशी सकाळी साडेअकराला टोकन संपलेलं होतं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला गेलो तर काम झालं, दाखला हातात यायला पाच दिवस लागले. ज्यांना नॉन-क्रीमी लेयर लागतं त्यांनी राज्याचा आणि केंद्राचा असे दोन्ही नमुने वेगवेगळे काढावेत. राज्याच्या प्रवेशाला एक चालतो, केंद्रीय संस्थांना दुसरा, आणि केंद्राचा त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. शाळेच्या एलसीवरचं नाव, मार्कशीट आणि आधार अक्षरशः जुळतात का ते बघा. आमच्याकडे वडिलांच्या नावात 'राव' एका ठिकाणी होतं, दुसऱ्या ठिकाणी नव्हतं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं: स्टँप आणि नोटरी मिळून ४५० रुपये, एक पूर्ण दिवस.

राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशाची समिती म्हणजे एसीपीसी. तिथे नोंदणी ३५० रुपये. बीसीए आणि बी.एस्सी.साठी जीकॅस हे वेगळं पोर्टल, त्याचे ३००. दोन्ही भरले. बीसीए हाती असावा म्हणून. एनएफएसयूचा अर्जही भरला. तिथे कोणत्या अभ्यासक्रमाला कुठल्या परीक्षेचे गुण धरतात, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचायचं, गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबायचं नाही.

जूनमध्ये एसीपीसीचा मॉक राउंड, म्हणजे जागावाटपाची सराव फेरी, झाला. त्यात कलाभवनातलं कॉम्प्युटर मिळालं नाही आणि घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. मॉकचा निकाल बंधनकारक नसतो, पण पसंतीक्रम सुधारायला मोलाचा असतो. आम्ही यादी चौदावरून एकतीस पर्यायांपर्यंत वाढवली, आणि क्रम मिळण्याच्या शक्यतेने न लावता खऱ्या इच्छेने लावला. वरचा पर्याय न मिळाल्याने खालचा हुकत नाही, हे बऱ्याच पालकांना पटत नाही. पहिल्या फेरीत दुसऱ्या शहरातल्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं. ते पैसे भरून राखलं आणि दुसऱ्या फेरीत उतरलो. वरची निवड मिळाली की आधीची जागा आपोआप जाते, त्यामुळे जिथे खरंच जायचं नाही ते नाव वर ठेवू नये. दुसऱ्या फेरीत कलाभवन मिळालं, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग.

गांधीनगरचा एकत्रित अभ्यासक्रम शेवटपर्यंत डोळ्यासमोर होता. ज्याची आवड पक्की आहे आणि हॉस्टेलचा खर्च झेपतो, त्याला मी आजही तोच आधी सुचवेन, कारण विषयाचं वातावरण पहिल्या वर्षापासून मिळतं. आमच्या हिशेबात हॉस्टेल, मेस आणि जाणं-येणं वर्षाला एक लाखाच्या वर जात होतं. दुसरं कारण वयाचं. अठराव्या वर्षी पाच वर्षांची दिशा बांधून घेण्यापेक्षा चार वर्षं पाया भक्कम करावा आणि एनएफएसयूचं एम.एस्सी. किंवा एम.टेक. तेव्हा ठरवावं, असं तिनेच म्हटलं. सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा सायबर सिक्युरिटी आणि फॉरेन्सिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमाही तेव्हा हाताशी असेल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू झाले. लॅपटॉप ६२,००० रुपयांचा घेतला. त्यात रॅम १६ जीबी हवीच, कारण व्हर्च्युअल मशीनवर (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) लिनक्स आणि विंडोज शेजारी शेजारी चालवावे लागतात. शिवाय इमेज ठेवायला एक टीबीची बाहेरची डिस्क. महागडे प्रमाणपत्र कोर्स इतक्यात नकोत, ते पदवीनंतर आणि नोकरीने मागितले तर. पहिल्या वर्षात सी भाषा, लिनक्सची कमांड लाइन आणि दर महिन्याला एक सरावाची इमेज. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने सीएफरेड्स नावाने अशा इमेज फुकट ठेवल्या आहेत. सप्टेंबरच्या पहिल्या इमेजचा अहवाल साडेतीन पानी आला. मी त्यातली दोन वाक्यं खोडली. दोन्हींत "यावरून स्पष्ट होते की" असं लिहिलेलं होतं.